बुकणी फोडून बघायची

बुकणीची आणि माझी पहिली भेट कॉलेजच्या जिन्यात झाली. माझ्या हातात मी बनवलेला छोटा मकबरा होता. पांढऱ्याशुभ्र ॲक्रिलिकचे मिनार, खाली प्लायवूडचा चौथरा, सगळं आमच्या नव्या लेझर मशीनवर कापलेलं. समोरून आलेल्या किडकिडीत मुलीने तो कौतुकाने हातात घेतला, चहूबाजूंनी न्याहाळला, गोड आवाजात "पडला तर?" असं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत कठड्यावरून खाली सोडून दिला. शेकडो वर्षं जे कुणाला जमलं नाही, ते तिने एका क्षणात करून दाखवलं. चार मिनार चार दिशांना उधळले. माझी किंकाळी ऐकून कँटीनमधून माणसं धावत आली.

"गोंद भरलावता ना?" खाली वाकून बघत ती म्हणाली. "खाचा ढिल्या झाल्या आसतील. लेझर जातो तिथलं केसभर लाकूड जळतंय. तेवढं चित्रात सोडायचं आसतंय, येड्या. मशीन काय उपाशी कापतंय व्हय?"

भरलाच होता गोंद. तिला कसं कळलं, याचाच मला जास्त राग आला.

महिनाभरात तिने निम्म्या वर्गाच्या प्रकल्पांचा भुगा केला आणि बुकणी हे नाव कमावलं. तेल लावलेल्या दोन वेण्या, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत ओढणीत गुंडाळलेला हातोडा. ती प्रयोगशाळेच्या दारात दिसली, की वर्गातला सलीम ओरडायचा, "छुपाव रे छुपाव, बुकणी आयी!" तरीही त्याचा जाळीदार दिवा तिच्या हाती लागलाच. एका घावात दिवा गेला. सलीम लोखंडी फूटपट्टी उगारून धावला, ती खाली वाकली आणि पट्टी माझ्या कपाळावर बसली. टेंगूळ आलं ते आलंच. पुढच्या आठवड्यात मात्र हाच सलीम नवा दिवा घेऊन स्वतःहून तिच्यासमोर हजर! कारण साधं होतं. तिच्या हातून वाचलेली वस्तू परीक्षकाच्या हातात कधी मोडत नसे.

"लाकूड मार खातं, ॲक्रिलिक सूड घेतं," असं ती म्हणायची. लाकडाची खाच घट्ट झाली तर लाकूड जरा दबतं, सांभाळून घेतं. ॲक्रिलिक गप्प राहतं आणि दोन दिवसांनी कोपऱ्यातून तडकतं. हे समजावताना 'दबतं'ला माझ्या पाठीत एक बुक्की आणि 'तडकतं'ला सणसणीत चापट. शिकवणं असं, की अजून विसरलो नाही.

ही सगळी मारझोड आली कुठून, ते तिच्या मुकुंदवाडीच्या घरी गेलो तेव्हा कळलं. तिचे वडील, अण्णा, वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर होते. प्रेसने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली होती. बुकणीला त्या प्रेससमोर आडोसा करायचा होता. हात आत जाऊ नये, पण काम दिसावं. तोच तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. प्लायची चौकट, मधे जाड ॲक्रिलिकची स्वच्छ खिडकी. कारखान्याच्या मालकाने बसवून घ्यायचं कबूलही केलं होतं. एवढी जाड शीट पुन्हा मिळणार नव्हती, म्हणून साऱ्या जगाचं फोडणाऱ्या बाईने स्वतःचं तेवढं फोडून पाहिलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून अण्णा दारात उभे. परीक्षक खूश. "वा! अगदी आरसा!"

"सर, मारून बघा ना."

"कशाला बिघडवता? चांगले गुण देतोय मी."

बुकणीने एकदा अण्णांकडे पाहिलं. मग पिशवीत हात घातला. आम्ही सवयीने मागे सरकलो, परीक्षकांना सवय नव्हती. हातोडा पडला आणि खिडकीच्या सुऱ्या झाल्या. एक त्यांच्या फायलीत घुसली, ते टेबलाखाली गेले. दुसरीने बुकणीची भुवई फाडली. हनुवटीपर्यंत रक्त, आणि ही बापाकडे वळून म्हणते, "अण्णा, हे तुमच्या डोळ्यात गेलं आसतं."

"बरं झालं बाई," अण्णा म्हणाले. "आता दवाखान्यात चल."

प्रकल्पच उरला नाही म्हणून ती नापास झाली. पुढच्या सहामाहीत तिने नुसत्या लाकडाची जाळी केली. प्लायचे थर एकावर एक, फटी अशा की नजर जावी, करंगळी जाऊ नये. मग तिने ज्यांचं-ज्यांचं फोडलं होतं, त्या सगळ्यांना बोलावलं. काय गर्दी! सलीमने घण आणला होता. मी प्रत्येक मिनाराच्या नावाने एकेक घाव घातला. कोपरे उडाले, जाळी टिकली. ती जाळी प्रेससमोर बसवली गेली आणि बुकणी पास झाली.

तिला पुण्यात नोकरी लागली. जायच्या दिवशी आम्ही निरोपाला घरी जमलो होतो, बॅग दारात होती. इतक्यात अण्णा कामावरून आले, हातात गोणपाटात गुंडाळलेली ती जाळी. चालू प्रेसमध्ये साचा फुटला होता. बोटाएवढा पोलादाचा तुकडा जाळीत खोल रुतून बसला होता. अण्णांनी जाळी तोंडासमोर धरून दाखवली. "मी हितं व्हतो."

बुकणीच्या आईने पदर तोंडाला लावला. बुकणीने जाळी उजेडात नेली, उलटी केली, मागच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा संतापाने लाल झाला.

"टोक भाईर आलंय. आजून एक थर पायजे व्हता!"

"अगं, गाडी..." अण्णा म्हणाले.

"जाऊ द्या." ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. मग माझ्याकडे वळली. "ए शहाण्या, बघतो काय? मोजपट्टी दे हिकडं."

त्या दिवशीची पुण्याची गाडी बुकणीला न घेता गेली.