मेथीचा पंचनामा

नॉटिंगहॅमला कौन्सिलने भाजी लावायला दिलेल्या अलॉटमेंटवर माझ्या शेजारी एक रिटायर्ड शेतकी अधिकारी आहेत. सायप्रस बेटावरच्या शेताशेताची नोंद करण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या स्वतःच्या वाफ्यात गवत माजलंय, कारण दिवसभर ते वही घेऊन आमचे वाफे तपासतात. "पेरणी कधी केलीत? पाणी किती दिलंत?" उत्तर लिहून घेतल्याशिवाय हलत नाहीत.

पुण्याला जाताना मी माझी मेथी विश्वासाने त्यांच्यावर सोपवली. तीन आठवड्यांनी आलो तर वाफा साफ. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी वही पुढे केली. सुबक अक्षरात लिहिलं होतं: "मेथी. पीक उत्तम. नुकसान संपूर्ण. कारण: पाहणी अधिकाऱ्याने रोज ऑम्लेटमध्ये घातली."

"खाली शेतकऱ्याची सही लागते," म्हणत त्यांनी पेन दिलं.

मी सही केली.