लोकर गुंडाळलेला चमचा
आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे दूध-भाकरी. मी कुस्करून भरवली, तिनं खाल्ली. लकव्यानं बायकोची बोटं पुरती मिटत नव्हती, म्हणून वरीसभर मीच भरवत व्हतो. मग आमच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायला आलेल्या मेंढपाळानं ते बघितलं. स्वतःच्या काठीच्या मुठीला गुंडाळतो तशी लोकरीची दोरी त्यानं चमच्याच्या दांड्याला जाड गुंडाळून दिली. तिला चमचा धरता यायला लागला. "भाऊ, तुमी माझा हातच परत दिला," असं ती त्याला हसून म्हणाली. माझ्या अंगाची आग झाली. वरीसभर भरवलं मी, पण माझ्याकडं बघून ती अशी कधी हसली न्हाई. चार दिवस ती आपल्या हातानं जेवली न् मी नुसता बघत बसलो. पाचव्या दिवशी चमचा पिठाच्या डब्यात दडवला न् हरवला म्हणून सांगितलं. त्या सांजेला शेवटचा घास गिळून ती म्हणाली, "किती जळाल ओ! पिठातला चमचा उद्या काढा." सकाळी ती उठलीच न्हाई. मी चमचा काढला, लोकरीतलं पीठ झटकलं, तिच्या गार बोटांत दिला, न् मगच शेजाऱ्यांना हाक मारली.