शेवटच्या पानावरची बाई

रद्दीच्या दुकानात एक म्हातारी बाई जुनी रहस्यकथा चाळत होती. "अरे, याची शेवटची पानं कुठायत?"

"मावशी, आम्ही वजनावर विकतो. शेवट मिळायचा नाही," दुकानदार म्हणाला.

पुस्तक माझंच होतं, टोपणनावानं लिहिलेलं. नवऱ्याला सोडून गेलेली शालन त्यात शेवटी दरीत ढकलली जाते. अशा कितीतरी बायका मी मारल्या. प्रकाशक सांगायचे, "लोकांना मजा हवी असते, पण पुस्तक मिटताना आपण सज्जन आहोत असंही वाटायला हवं." त्यांनी आपल्या माणसांना बरोबर ओळखलं होतं. आपण चोरून, चवीनं वाचतो आणि शिक्षा मात्र तिला होऊ देतो. हे कधीतरी कबूल करायचं होतं. आता ऐकायला घरात कुणी उरलेलं नाही.

"तुम्ही वाचलंय का हे?" म्हातारीनं मला विचारलं. "हिचं पुढं काय होतं?"

निदान एकीला तरी वाचवावं, असं वाटलं. म्हटलं, "नाशिकला जाते. शिवणाचे क्लास काढते. सुखात असते."

ती हसली. "काहीतरीच. असल्या बाईला कोण जगू देतंय, भाऊ?"

पुस्तक ढिगावर टाकून ती निघून गेली.