नारिंगी बाण

मला किळस फार पटकन येते. कोणाकडे ताटात केस निघाला तर त्या घरचा चहासुद्धा माझ्या घशाखाली उतरत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचताना बाई उगाच नाक मुरडतात असं वाटायचं.

आमची मुलगी नोकरीमुळे दूर समुद्राकाठी राहते. तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं आम्हा दोघांना तिथल्या राष्ट्रीय उद्यानात पायी फिरवलं. एका बाजूला झाडी, खाली लाटा, आणि वाटेवर प्रत्येक वळणाला दगडावर रंगवलेला छोटा पिवळा बाण. कागदाचा कपटा नाही, पिचकारी नाही. आमचे हे दर बाणापाशी थांबायचे. "याले म्हनतात अक्कल," म्हणाले. "मानूस नाही लागत. दगडच सांगते कुकडे जाचं ते."

अमरावतीला परतल्यावर त्यांनी ते मनावरच घेतलं. शहराबाहेरच्या ज्या टेकडीवर आम्ही रोज सकाळी फिरायला जायचो, तिच्या माथ्यावर वाट फुटते. डावी वाट उतरून सडकेला लागते. उजवी झुडपांतून थेट जुन्या खदानीवर जाते, आणि काठ दिसतो तोवर एक पाय पुढे पडलेला असतो. तिथं पडून मेलेली बकरी आम्ही पाहिली होती. त्या फाट्यावरच्या दगडावर त्यांनी फाटकाचा उरलेला नारिंगी ऑइलपेंट नेऊन डावीकडे तोंड केलेला ठसठशीत बाण काढला. मांडी घालून रंगवत बसलेले पाहून मी त्यांना चिडवलंसुद्धा, "अखेर बसले बाबा दगडापुढं!" आमच्या घरात बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लागते. दगडाला हात जोडणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नाही.

ते गेल्यावर मी टेकडी सोडली. गुडघे कुरकुरत होते हे कारण लोकांना सांगायला, खरं म्हणजे एकटीनं जाववत नव्हतं. यंदा थंडीत गेले, ते फक्त तो बाण बघायला.

वास आधी आला. नासलेलं खोबरं, करपलेलं तेल, माशा. उदबत्तीचे पुडे, गुटख्याच्या पुड्या, उष्ट्या पत्रावळ्या आणि त्यातला शिरा चाटणारं लूत लागलेलं कुत्रं. या सगळ्याच्या मधोमध आमचा दगड, त्यावर बोटभर जाड शेंदूर. बाण कुठेच नव्हता. मला मळमळलं, आणि त्याहून जास्त संताप आला. नारिंगी दगड दिसला की आमच्याकडच्या माणसाचा हात आपोआप उदबत्तीकडे जातो, हे ह्यांच्या लक्षात कसं आलं नाही? पिवळा डबा आणला असता तर काय बिघडलं असतं?

नखानं शेंदूर खरवडायला वाकले, तोच दिवा लावत बसलेले एक गृहस्थ ओरडले, "ओ बाई, चप्पल काढा! देव हाये."

"देव नाही जी. आमच्या मिस्टरांनी काढलेला बाण हाये तो. तिकडं खदान हाये, इकडून उतरा, असं सांगासाठी."

"बाण?" त्यांचे डोळे चमकले. मागे वळून बायकोला म्हणाले, "आयकलं का वं? मी म्हनत नव्हतो? रामाचा बाण हाये! जागृत जागा हाये!"

झालं! करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, ही म्हण मी शाळेत वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेतली, ती अशी माझ्याच अंगावर आली. पुढच्या वेळी गेले तर टिनाचं छप्पर उभं, तेही डाव्या वाटेचं तोंड झाकून. वर पाटी, 'जागृत बाणदेव'. घाण त्यांची, बारसं मात्र मी केलेलं.

त्याच दिवशी दर्शन घेऊन कॉलेजच्या काही मुली मोबाइलमध्ये बघत उजवीकडे निघाल्या. उघडी वाट तेवढी एकच दिसत होती. गुडघे विसरून धावले, जिवाच्या आकांतानं ओरडले. त्या थांबल्या. काठ पुढेच होता. एक रडायला लागली, दुसरी म्हणाली, "काकू, देवानंच पाठवलं तुमाले." मला तिच्या एक मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली.

तेव्हापासून दर रविवारी, गर्दीच्या वेळी, मी नाकाला पदर लावून त्या फाट्यावर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला छपरामागची वाट दाखवते. माणूस लागत नाही म्हणाले होते ना, लागतो.

परवा एक बाई दर्शन करून माझ्याकडे आली. "खालती कुकडून जाचं, माय?"

मी हात डावीकडे केला. तिनं त्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि वाकून माझ्या पाया पडली.