टेबलाची खिडकीकडची बाजू

चेन्नईत पेरुंगुडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायच्या टेबलाच्या जागी पूल खेळायचं, बिलियर्ड्ससारखं हिरव्या कापडाचं टेबल होतं. परदेशी निघालेल्या शेजाऱ्याने ते आमच्या गळ्यात मारलं होतं. नवरा मोटारींच्या कारखान्यात, मी आयटीत. संध्याकाळी एक डाव व्हायचा आणि हरणारा भांडी घासायचा.

सासूबाई साताऱ्याहून राहायला आल्या, त्या महिन्यात नवरा सारखा हरायला लागला. आई बघत असताना भांडी घासणं त्याला जड जायचं. एक दिवस सिंकपाशीच म्हणाला, "तू दुपारी लवकर येऊन प्रॅक्टिस करतेस ना?"

"वेडा आहेस का?"

"मग माझाच बॉल पुढे कसा पळतो?"

मला राग आला, पण मीही काही स्वच्छ मनाची नव्हते. हरण्याला निमित्त मिळावं म्हणून त्यानेच टेबलाला काहीतरी केलं असावं, असं मला वाटत होतं. तो आंघोळ करत असताना मी टेबलाच्या पायांखाली कागदाची घडी शोधली. सापडली नाही. त्याने कारखान्यातून उतार तपासायची लेव्हल आणून लावली. टेबल सरळ होतं. तरी आम्ही एकमेकांकडे बघायचो ते जरा तिरकंच.

शेवटी रविवारी टेबलावर बॉल कुठे किती पळतो ते मोजायचं ठरवलं. त्याने गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतून अॅल्युमिनियमची एक खोबणी आणली. तिचं एक टोक पुस्तकांवर टेकवायचं, ठरलेल्या खुणेवरून बॉल नुसता सोडायचा, ढकलायचा नाही, आणि तो कुठवर जातो ते टेपने मोजायचं. हात कोणाचा का असेना, बॉलला जोर तेवढाच.

दाराकडच्या बाजूला आडवा सोडलेला बॉल समोरच्या कडेला कसाबसा टेकला. खिडकीकडच्या बाजूला तसाच सोडलेला कडेवर आपटून निम्मा परत आला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच.

"खिडकीकडे काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

तिथे प्लग होता. हॉलमधला एवढा एकच चालू होता.

मी स्वयंपाकघरात गेले. "आई, तुम्ही इस्त्री कुठे करता?"

"त्या हिरव्या टेबलावर," त्या शांतपणे म्हणाल्या. "एवढं सपाट दुसरं काय आहे तुमच्या घरात? आधी त्या कापडावरूनच फिरवून घेते, नाहीतर त्याचे तंतू साडीला लागतात. वायर पुरते तेवढ्यातच करते."

गरम इस्त्रीने कापडाची लव बसून तेवढी बाजू गुळगुळीत झाली होती. मी हलक्या हाताने खेळायचे, म्हणून मला फारसं जाणवलं नाही; नवऱ्याचे जोरदार फटके मात्र वाहवत गेले. तो हसला. सासूबाई हसल्या नाहीत.

"मला वाटलं, तुमचं दोघांचं बिनसलंय," त्या म्हणाल्या. "टेबलापाशी कुजबुजता, मी आले की गप्प होता. माझ्यावरूनच असेल, म्हणून शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढायला खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगितलंय."

मग नवरा पायांत चपला घालून तिकीट थांबवायला काकांकडे धावला.

त्या दिवाळीपर्यंत राहिल्या. इस्त्री पलंगावर करू लागल्या. मी मात्र कित्येक दिवस नवरा आंघोळीला गेला की टेबलाखाली एकदा वाकून बघायचे.