तांदळात लिहिलेलं नाव

फौजींच्या घरच्या मैत्रिणींनो, आज लेकीच्या शिष्यवृत्तीसाठी किन्हवलीहून ठाण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेले होते. हात हलवत परत आले.

माझं माहेरचं नाव सुनंदा. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'वैशाली' लिहिलं. लेकीच्या दाखल्यावर आई वैशाली, फौजेच्या कागदांवर बायको सुनंदा.

तिथले साहेब म्हणाले, "ताई, या दोन वेगळ्या बाया दिसतात. फौजेतलं नाव बदलायला तुमच्या मिस्टरांच्या सहीचा अर्ज लागेल."

"ते गेले साहेब. म्हणून तर मी आलेय."

"मग कठीण आहे. मुदतही आजच संपते."

बसमध्ये लेक म्हणाली, "राहू दे गो आई, नाय शिकत मी पुढं."

तुमचंही नाव लग्नात बदललंय का? मग कागद आत्ताच करून घ्या. तुमचे फौजी सुट्टीवर घरी येतात, तोवरच.