उरलेली रोपं

मंडळी, आज आमच्या नातवाने शेजाऱ्याला भाताची रोपं दिली आणि लगेच फोटो ग्रुपवर टाकला. सकाळपासून शाबासक्या मोजतोय.

मी विचारलं, "आपली लावणी झाली?"

"कालच झाली गो आजी. ही उरलेली."

"उरलेलं तर बैलालाही घालतात रे."

पासष्टेक वर्षं झाली. मी नऊ-दहा वर्षांची होते. आमच्या शेणवे गावात बाजूच्या विधवा काशीची राबात वाढवलेली सगळी भाताची रोपं गुरांनी खाल्ली. आईने आमची अर्धी रोपं उपटून तिला दिली. आमची लावणी सुरूही झाली नव्हती.

बा म्हणाला, "आपली पोरं काय खातील?"

आई म्हणाली, "तिची काय खातील?"

आमचं अर्धं शेत लावायचं राहिलं. होळीआधीच कणगी रिकामी झाली. रानातले कंद उकडून दिवस काढले. त्यात माझी धाकटी बहीण सखू खंगून मेली.

काशीची तिन्ही पोरं जगली. काशी आईच्या पाया पडायला यायची, पण आई तिच्याकडे बघायची नाय.

गाव आईला देवमाणूस म्हणायचं. मला तिचा राग अजून येतो. नातवाचं देणंही पटत नाय. आईच्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?